सोन्याच्या कोंदणातलं यंत्र

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझी भाची बोटातली काळी अंगठी घेऊन आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे गेली. बोट जरा भरलं होतं, अंगठी घट्ट व्हायला लागली होती. काकांनी डोळ्याला भिंग लावून ती आतून-बाहेरून पाहिली. आतल्या बाजूला काचेचे बारीक ठिपके होते आणि त्यांतून हिरवा उजेड लुकलुकत होता. त्यांनी अंगठी अलगद तिच्या तळहातावर परत ठेवली आणि म्हणाले, "बाई, ही ताणायला गेलो तर हिचा जीव जाईल."

ही अंगठी नाडी मोजते, रात्रीची झोप मोजते, अंगाचं तापमान टिपते आणि सगळं मोबाइलला कळवते. दागिन्यात यंत्र, म्हणजे अगदी आजची गोष्ट, असं आपल्याला वाटतं. पण दागिन्याला कामाला लावण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. शाकुंतलातली अंगठी नुसती नटण्यासाठी नव्हती. दुष्यंताचं नाव कोरलेली ती खूण होती, आणि ती हरवल्याबरोबर शकुंतलेची ओळखही हरवली. आपल्याकडे लहान मुलाच्या गळ्यात ताईत बांधत. चांदीची ती इवलीशी डबी, आत घडी घातलेला कागद. तो कागद काय काम करी हे सोडा, पण दागिन्याच्या पोटात काहीतरी ठेवायचं आणि त्याने आपली राखण करायची, ही कल्पना आजीच्या काळातलीच.

यंत्र मात्र दागिन्यात शिरलं ते युरोपात, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात पेटर हेनलाइन नावाचा कुलपं बनवणारा कारागीर होता. लोंबत्या वजनांऐवजी गुंडाळलेल्या कमानीवर चालणारी लहान घड्याळं घडवण्यात त्याचं नाव झालं. अशी घड्याळं लोक गळ्यात अडकवत. त्यांना एकच काटा, तोही तासाचा, आणि वेळ इतकी चुके की भेट ठरवायची तर देवळाच्या घंटेवरच ठरवावी. तरीही श्रीमंतांनी ती घेतली, कारण घड्याळ बघण्यासाठी नव्हतं, दाखवण्यासाठी होतं. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला रॉबर्ट डडली या तिच्या आवडत्या सरदाराने १५७१च्या सुमारास घड्याळ बसवलेलं दंडावरचं कडं भेट दिलं होतं. १६७५मध्ये क्रिस्तियान हॉयगन्सने केसासारखी बारीक कमान घड्याळात बसवली, तेव्हा कुठे ही खेळणी वेळ सांगण्याच्या लायकीची झाली.

नेपोलियनची बहीण कॅरोलिन म्युरा नेपल्सची राणी होती. तिने १८१०मध्ये पॅरिसच्या अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीकडे मनगटावर बांधायचं घड्याळ मागितलं. ते तयार व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. लांबट आकार, आत तापमापक, आणि पट्टा कसला, तर केस आणि सोन्याची तार एकत्र विणून केलेला. हे घड्याळ आज कुठे आहे कुणालाच ठाऊक नाही. पण ब्रेगेच्या पेढीच्या वह्यांत त्याची नोंद आहे आणि त्या वह्यांतली मला सर्वांत आवडलेली नोंद नंतरची आहे. १८४९मध्ये कॅरोलिनच्या मुलीने ते दुरुस्तीला आणलं. १८५५मध्ये ते पुन्हा आलं. राणी गेली, राज्य गेलं, पण घड्याळ घासूनपुसून, तेल घालून परत चालू झालं. ही नोंद जरा लक्षात ठेवा, पुढे तिची गरज पडणार आहे.

विजेचा दागिना आला तो पॅरिसमध्येच, आणि तो आणणारा माणूस विलक्षण होता. गुस्ताव्ह त्रूव्हे. जन्म १८३९चा. १८८१मध्ये याने बॅटरीवर चालणारी तीनचाकी पॅरिसच्या रस्त्यावर चालवून दाखवली; त्याच वर्षी सीन नदीत विजेच्या मोटरची होडी सोडली. शरीराच्या आत उजेड पाडून पाहण्याचं उपकरण डॉक्टरांसाठी केलं. पण त्याआधी त्याचा गाजावाजा झाला तो दागिन्यांमुळे. त्याने एक बोटभर लांबीची, चहूबाजूंनी बंद बॅटरी बनवली होती. नळीच्या वरच्या अर्ध्या भागात जस्त आणि कोळसा, खालच्या अर्ध्यात द्रव. नळी उभी असली की द्रव खालीच राही आणि बॅटरी गप्प. आडवी किंवा उलटी केली की द्रव जस्ताला भिडे आणि वीज सुरू. बटण नको, कळ नको. कोटाच्या खिशात बोटाने नळी कलती केली की झालं.

या बॅटरीची तार कपड्याच्या आतून टायच्या पिनेपर्यंत जाई. पिनेवर सोन्याची मीनाकाम केलेली इवलीशी कवटी. समोरचा गृहस्थ गप्पा मारत असताना पिनेचा मालक खिशात बोट घाली, आणि कवटी डोळे गरगरा फिरवून दात वाजवू लागे! दुसऱ्या पिनेवर एक ससा बसला होता, तो वाद्य बडवी. कवटीची रचना ऑग्युस्त-जर्मां कादे-पिकार या जवाहिऱ्याची, यंत्र त्रूव्हेचं. १८६७च्या सुमाराची अशी एक पिन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मेजवानीत आजूबाजूच्या बायका कशा दचकत असतील आणि पुरुष कसे खो-खो हसत असतील, याची कल्पना करायला फारसे कष्ट पडत नाहीत. आज कुणी नवा मोबाइल खिशातून काढून टेबलावर जरा सावकाश ठेवतो ना, तशातलाच प्रकार.

पुढे विजेचे बारीक दिवे आले. १८८०च्या दशकात पॅरिसच्या रंगमंचावर नर्तकींच्या केसांत, गळ्यात त्रूव्हेचे दिवे चमकू लागले. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात नोव्हेंबर १८८२मध्ये 'आयोलांथी' हे संगीत नाटक लागलं. त्यातल्या मुख्य पऱ्यांच्या माथ्यावर विजेचे तारे होते आणि बॅटरी वेशात दडवलेली होती. न्यूयॉर्कला मार्च १८८३मध्ये व्हँडरबिल्ट घराण्याच्या नृत्यसमारंभात ॲलिस व्हँडरबिल्ट 'वीज' बनून आल्या. चार्ल्स वर्थने शिवलेला भरजरी पोशाख आणि हातात उजळणारी मशाल. त्या काळात घराघरांत वीज पोचलेली नव्हती. ती अंगावर घालून मिरवणं म्हणजे केवढी श्रीमंती!

ही फॅशन टिकली नाही. बॅटरी जड, द्रव गळण्याची भीती, दिवा काही मिनिटांत मंद. त्रूव्हेचं पुढे काय झालं ते ऐकून वाईट वाटतं. १९०२मध्ये काम करताना अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली आणि तो गेला. थडग्याच्या जागेची मुदत कुणी वाढवली नाही म्हणून त्याच्या अस्थी सामाईक खड्ड्यात गेल्या. आणि त्याची कागदपत्रं १९८०मध्ये त्याच्या गावच्या नगरभवनाला लागलेल्या आगीत जळाली.

मनगटी घड्याळ मात्र टिकलं, पण मान मिळवायला त्याला युद्ध लागलं. एकोणिसाव्या शतकात मनगटावर घड्याळ म्हणजे बायकी बांगडी. पुरुष साखळीचं घड्याळ खिशात ठेवी. खंदकात एका हातात बंदूक आणि दुसऱ्यात नकाशा असताना खिसा कोण चाचपणार? पहिल्या महायुद्धात तोफांचा मारा आणि पायदळाची चाल ठरल्या मिनिटाला जुळवावी लागे. सैनिक मनगटावर घड्याळ बांधून घरी परतले आणि 'बायकी' हा शब्द गळून पडला. यंत्र असलेला दागिना पुरुषांनी घातला की ते उपकरण, बायकांनी घातला की तो नखरा. हा न्याय अजूनही पुरता गेलेला नाही.

आपल्याकडे घड्याळ लग्नात शिरलं. बंगळूरच्या एचएमटीने जपानी सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि पुढची दोन-तीन दशकं जावयाच्या मनगटावर सासऱ्याने ते बांधायचं, हे ठरूनच गेलं. नंतर टायटन आली. १९८७मध्ये ती घड्याळं घेऊन बाजारात उतरली, १९९०च्या दशकात दागिने घडवू लागली, आणि आज या घड्याळाच्या कंपनीची बहुतेक कमाई दागिन्यांतून होते. घड्याळ की सोनं, असा प्रश्न भारतीय गिऱ्हाइकाला टाकला तर उत्तर काय येणार, हे वेगळं सांगायला नको.

घड्याळातली कमान जाऊन तिथे वीज आली आणि खरा बदल झाला. अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीने १९७२मध्ये 'पल्सर' हे आकड्यांचं घड्याळ विकायला काढलं. अठरा कॅरेट सोनं, किंमत २१०० डॉलर. लाल आकडे बॅटरी इतकी खात की ते सतत दाखवणं परवडत नसे. वेळ बघायला दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. म्हणजे पुन्हा दाखवण्याचाच सोहळा. पण चार-पाच वर्षांतच तसेच लाल आकडे प्लास्टिकच्या घड्याळात वीस डॉलरच्या आत मिळू लागले. सोनं सोनंच राहिलं, आतल्या यंत्राची किंमत मात्र भाजीच्या भावासारखी उतरली.

हे माहीत असूनही २०१५मध्ये ॲपलने सोन्याचं घड्याळ काढलं. अठरा कॅरेटचं, दहा हजार डॉलरपासून सतरा हजारांपर्यंत. पुढच्याच वर्षी ते बंद झालं. २०१८मध्ये त्याला नवी संगणकप्रणाली मिळेनाशी झाली आणि २०२३मध्ये कंपनीने त्याची दुरुस्तीही थांबवली. आठ वर्षं! आता ती ब्रेगेची वही आठवा. राणीचं घड्याळ सदतीस वर्षांनी दुरुस्तीला आलं आणि बनवणाऱ्या पेढीने ते हातात घेतलं.

मी नव्याच्या विरोधात नाही. दिल्लीच्या लीफ वेअरेबल्स या तरुणांच्या कंपनीने संकटात बटण दाबताच घरच्यांना ठावठिकाणा कळवणारं पदक बनवलं होतं; महिलांच्या सुरक्षेसाठीचं दहा लाख डॉलरचं एक्सप्राइझ पारितोषिक २०१८मध्ये त्यांना मिळालं. गळ्यातला दागिना ओढून नेणारे चोर ज्या देशात आहेत, तिथे गळ्यातल्या दागिन्यानेच मदत बोलवावी, ही कल्पना मला फार पसंत पडली. आणि अंगठीतलं यंत्रही अचाट आहे. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूने रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात. अंगठी तिथे प्रकाश सोडते. प्रत्येक ठोक्याला रक्ताचं प्रमाण वाढतं, प्रकाश कमी परततो. त्या चढउतारावरून नाडी कळते. फिनलंडच्या औरा कंपनीने २०१५मध्ये अशी अंगठी पुढे आणली. २०२०च्या साथीत अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूंनाही ती दिली गेली.

फक्त एक उलटापालट झाली आहे, ती मला खटकते. त्रूव्हेची कवटी जगाकडे डोळे वटारून पाही. ही अंगठी आत, घालणाऱ्याकडे पाहते. किती वाजता झोपलीस, रात्री कितीदा उठलीस, पाळी कधी येणार, हे सगळं बोटातून मोबाइलवर आणि मोबाइलवरून परदेशातल्या कुठल्यातरी संगणकावर. आजीच्या पाटल्यांना घरातलं सगळं माहीत होतं, पण त्या बोलत नव्हत्या.

भाचीने मग ती अंगठी करंगळीशेजारच्या बोटात घातली. दीड वर्ष चालली. मग सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच उतरू लागली. बॅटरी बदलता येत नाही, नव्या अंगठीवर सूट देऊ, असं कंपनीने कळवलं. जुनी परत घेण्याचं नाव नाही. हट्टी पोरगी, ती पुन्हा सोनारकाकांकडे गेली आणि सरळ विचारलं, "हिची मोड किती मिळेल?" काकांनी हसत हसत अंगठी तराजूत टाकली. तीन ग्रॅम भरली.

"टायटॅनियम ना?" काका म्हणाले. "वजन सांगितलं, भाव नाही सांगता यायचा."

मग त्यांनी तिच्या दुसऱ्या हाताकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या आईचं वेढं होतं, पार झिजलेलं. "ते दे इकडे. सैल झालंय, एक डाग देऊन बसतं करून देतो. पडेल कुठेतरी."