स्क्लेरोडर्मातील फुप्फुसविकार : मूलपेशी उपचार

प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने फुप्फुस ताठर होत जाते, तेव्हा ते थांबवण्यासाठी मूलपेशींचा उपयोग करण्याचे संशोधन. संधिवात, मायोसायटिस, शोग्रेन, ल्यूपस अशा अनेक ऑटोइम्यून रोगांत फुप्फुसाला इजा होते. त्यांपैकी मूलपेशींचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो स्क्लेरोडर्मात, म्हणजेच सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये. म्हणून ही नोंद मुख्यतः त्या रोगाविषयी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. ‘स्टेम सेल’ या एकाच नावाखाली दोन अगदी निराळे उपचार वावरतात. एकात रुग्णाच्याच रक्तजनक मूलपेशी काढून ठेवतात, तीव्र औषधांनी त्याची बिघडलेली प्रतिकारयंत्रणा जवळजवळ पुसून टाकतात आणि मग त्या पेशी परत देतात; हेच मूलपेशी प्रत्यारोपण. दुसऱ्यात मेसेन्कायमल नावाच्या पेशी शिरेतून सोडतात. पहिल्याला मोठ्या चाचण्यांचा आधार आहे आणि जिवाचा धोकाही आहे. दुसरा बराच सुरक्षित दिसतो, पण त्याने या रोगातले फुप्फुस सुधारते हे अजून सिद्ध व्हायचे आहे. जाहिरातीत पहिल्याचे यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडले जाते आणि त्यात घरे कर्जात बुडतात.

रोगाची सुरुवात बहुधा बोटांपासून होते. थंडीच्या सकाळी नळाखाली भांडी विसळताना बोटे पांढरीफटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. मोरीस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये या प्रकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला रेनोचे नाव मिळाले. पुढे बोटे सुजतात, अंगठी निघेनाशी होते, कातडी ताणली जाऊन चकाकू लागते, तोंडही पूर्वीसारखे उघडत नाही. फुप्फुसाचे दुखणे मात्र मुकाट्याने वाढते. जिना चढताना लागणारी धाप रुग्ण वयावर किंवा वजनावर ढकलतो, कोरडा खोकला धुळीवर. पाठीच्या खालच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला, तर श्वास आत घेताना शेवटी शेवटी बारीक करकर ऐकू येते. चपलेचा वेल्क्रोचा पट्टा हळूहळू उलगडावा तसा तो आवाज असतो. ज्याने तो एकदा नीट ऐकला, तो पुन्हा विसरत नाही.

आत घडते ते असे : बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, तिथे लिंफोसाइट पेशी जमतात, बी-पेशी स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात आणि या सततच्या चिथावणीने फायब्रोब्लास्ट पेशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त कोलॅजन विणू लागतात. वायुकोशांच्या नाजूक भिंती जाड होतात, हवेतला प्राणवायू रक्तात उतरायला अडथळा येतो. रक्तात टोपोआयसोमरेज-१ विरोधी प्रतिपिंड, म्हणजे एससीएल-७०, सापडले तर फुप्फुस बाधित होण्याची शक्यता जास्त असते. एचआरसीटीमध्ये, म्हणजे बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, फुप्फुसांच्या तळाशी आधी धुरकट काचेसारखी छटा दिसते. पुढे जाळी आणि काहींत मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे. रोगाची चाल दोन मापांनी मोजतात. जोर लावून श्वास सोडताना किती हवा बाहेर पडते ते एफव्हीसी, आणि वायू रक्तात किती सहज उतरतो ते डीएलसीओ.

एकेकाळी या रुग्णांचा बळी मूत्रपिंड घेत असे. एसीई-रोधक औषधे आल्यावर ते बरेच आटोक्यात आले आणि फुप्फुस पुढे आले. पिट्सबर्गच्या रुग्णनोंदींनुसार १९७२ ते २००२ या काळात स्क्लेरोडर्मामुळे झालेल्या मृत्यूंत मूत्रपिंडाचा वाटा ४२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर उतरला, तर फुप्फुसाच्या तंतुमयतेचा ६ वरून ३३ टक्क्यांवर चढला.

औषधांनी काय साधते हे समजल्याशिवाय एवढ्या जोखमीच्या प्रत्यारोपणाचा विचार का झाला ते कळत नाही. सायक्लोफॉस्फमाइडच्या गोळ्या वर्षभर देऊन पाहणाऱ्या अमेरिकी चाचणीत १५८ रुग्ण होते. २००६ मध्ये निकाल आला, तेव्हा औषध घेणारे आणि न घेणारे यांच्या एफव्हीसीत फरक निघाला अवघा २.५३ टक्के-बिंदूंचा, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात तोही बहुतांशी विरला. २०१६ मध्ये मायकोफेनोलेट तितकेच उपयोगी आणि सोसायला सोपे ठरले. आज पहिली पसंती त्यालाच असते. २०१९ च्या सेन्सिस चाचणीत ५७६ रुग्णांपैकी निंटेडॅनिब घेणाऱ्यांची एफव्हीसी वर्षाला सरासरी ५२.४ मिलिलिटरने घटली, इतरांची ९३.३ मिलिलिटरने. २०२१ मध्ये अमेरिकेत टोसिलिझुमॅबलाही याच विकारासाठी मान्यता मिळाली. ही औषधे घसरण मंदावतात, आणि तेही थोडे नाही. पण ज्याचे फुप्फुस महिन्यामहिन्याने आकसत चालले आहे, त्याला ती अनेकदा पुरी पडत नाहीत.

प्रत्यारोपणाची कल्पना रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डातून आली. ल्युकेमियासाठी अस्थिमज्जा बदललेल्या काही रुग्णांना आधीपासून संधिवातासारखे आजार होते, आणि प्रत्यारोपणानंतर तेही शमले. नेदरलंड्समध्ये डिर्क फान बेक्कुम यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी त्याला पाठबळ दिले. स्वतःच्याच मूलपेशी परत दिल्या तरी रोग मागे हटू शकतो, असे त्यांत दिसले. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या डॉक्टरांनी संयोजी ऊतकाच्या रोगामुळे फुप्फुसातील रक्तदाब फार वाढलेल्या एका रुग्णावर असा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या काही वर्षांत युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे चाचण्यांची आखणी सुरू झाली.

प्रत्यक्ष उपचार असा चालतो. आधी सायक्लोफॉस्फमाइड आणि जी-सीएसएफची इंजेक्शने देऊन मज्जेतल्या मूलपेशी रक्तात उतरवतात. मग अफेरेसिसच्या यंत्रातून काही तास रक्त फिरवून त्यातल्या सीडी-३४ खूण असलेल्या पेशी वेगळ्या करतात. वजनाच्या दर किलोमागे किमान २० लाख पेशी लागतात. त्या डीएमएसओ नावाच्या रसायनात मिसळून द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत साठवतात. नंतर रुग्णालयात भरती करून जबरदस्त मात्रेत सायक्लोफॉस्फमाइड आणि लिंफोसाइट नष्ट करणारे अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन देतात. त्यानंतरचा दिवस घरच्यांना अपेक्षेपेक्षा साधा वाटतो. गोठवलेली पिशवी कोमट पाण्यात वितळवून सलाइनसारखी लावतात, थोड्या वेळात संपते. खोलीत मात्र लसणासारखा वास दरवळतो. तो डीएमएसओचा, रुग्णाच्या श्वासातून तो एखाद-दोन दिवस येत राहतो. खरी कसोटी पुढच्या दोन आठवड्यांची असते. पांढऱ्या पेशी शून्याजवळ पोचतात, साध्या जंतूचाही भरवसा उरत नाही, आणि साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी पेशींचा आकडा पुन्हा वर येताना दिसतो.

इथे एक गैरसमज सर्वत्र आढळतो, डॉक्टरांशी बोलून आलेल्या घरांतही. परत दिलेल्या मूलपेशी फुप्फुसाची दुरुस्ती करत नाहीत, त्या फुप्फुसाच्या पेशी बनत नाहीत. रोगावर घाव घालतात ती औषधे. मूलपेशी पुसलेल्या मज्जेत रक्तनिर्मिती पुन्हा सुरू करून रुग्णाला त्या घावातून वाचवतात. नव्याने उभ्या राहिलेल्या यंत्रणेत थायमसमधून ताज्या टी-पेशी येतात, नियंत्रक पेशी वाढतात, आणि स्वकीयांवर हल्ला करण्याची जुनी स्मृती बरीच गळून पडते. त्याबरोबर लहानपणच्या लसींची स्मृतीही जाते, त्यामुळे पुन्हा लसीकरण करावे लागते. फुप्फुस सुधारते ते दाह थांबल्यामुळे. जिथे मधाचे पोळे झाले, तिथला व्रण भरून येत नाही.

तीन चाचण्यांनी या उपचाराचे स्थान ठरवले. शिकागोतील असिस्ट २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. रिचर्ड बर्ट यांच्या या चाचणीत रुग्ण केवळ १९ होते. वर्षअखेरीस प्रत्यारोपण झालेले दहाही सुधारले, सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्या नऊ जणांत एकही नाही. संख्या लहान, पण निकाल एवढा ठळक की दुर्लक्ष अशक्य झाले.

युरोपातील अस्टिस चाचणीत १० देशांतले १५६ रुग्ण होते आणि तिचा निकाल २०१४ मध्ये ‘जामा’त आला. तो वाचताना उमेद आणि भीती दोन्ही बरोबरच राहतात. पहिल्या वर्षात मृत्यू किंवा एखादा अवयव कायमचा निकामी होणे अशा घटना प्रत्यारोपणाच्या गटात १३, तर सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्या दुसऱ्या गटात ८ झाल्या. ७९ पैकी ८ रुग्ण उपचारामुळेच दगावले. दोन वर्षांनी दोन्ही गटांत १४-१४ अशी बरोबरी होती. चार वर्षांनी चित्र फिरले, प्रत्यारोपणात १५ आणि दुसरीकडे २०. म्हणजे ज्याने पहिले वर्ष पार केले, त्याला पुढच्या वर्षांचे दान मिळाले. नातेवाइकांशी बोलताना हा हिशेब असाच्या असा मांडावा, शेवटचा आकडा तेवढा सांगू नये, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेतील स्कॉट चाचणी कीथ सलिव्हन यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातले ७५ रुग्ण तीव्र आजाराचे होते आणि बहुतेकांचे फुप्फुस बाधित होते. इथे औषधांबरोबर सर्वांगाला किरणोत्सारही दिला गेला. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे कवच लावून झाकली होती. सहा वर्षांनी प्रत्यारोपण गटातले ८६ टक्के रुग्ण हयात होते, तुलनेच्या गटातले ५१ टक्के. उपचारामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सहा वर्षांअखेर ६ टक्के होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रत्यारोपण संघटनेने या रोगात प्रत्यारोपणाला मान्य उपचाराचा दर्जा द्यावा अशी भूमिका घेतली. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशीही निवडक रुग्णांत त्याचा विचार करायला सांगतात.

‘निवडक’ या शब्दाचे वजन मोठे आहे. रोग वेगाने पसरतो आहे, पहिली काही वर्षेच झाली आहेत, अवयव दुखावले आहेत पण हाताबाहेर गेलेले नाहीत, अशी ती अरुंद वेळ असते. हृदयाची कसून तपासणी होते. एमआरआय करतात, उजव्या हृदयात नळी घालून दाब मोजतात, कारण उपचारातल्या मृत्यूंमागे अनेकदा आधी न दिसलेला हृदयदोष होता. फार घटलेली फुप्फुसक्षमता आणि वाढलेला फुप्फुसी रक्तदाब दार बंद करतात. धूम्रपान करणाऱ्यांना लाभ कमी मिळतो. स्त्री-पुरुष दोघांतही वंध्यत्वाची शक्यता असल्याने स्त्रीबीजे किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याचे बोलणे आधीच व्हायला हवे. हा रोग तरुण आणि मध्यमवयीन स्त्रियांत अधिक, तरीही हे बोलणे बऱ्याचदा राहून जाते.

मेसेन्कायमल पेशींची कथा वेगळी. अस्थिमज्जा, चरबी, नाळ यांतून त्या मिळतात. अर्नल्ड कॅपलान यांनी १९९१ मध्ये त्यांना मेसेन्कायमल स्टेम सेल म्हटले आणि २०१७ मध्ये त्यांनीच हे नाव बदलावे असा आग्रह धरला, कारण या पेशी नवा अवयव घडवत नाहीत, रासायनिक संदेश पाठवून दाह शमवतात. शिरेतून दिल्यावर त्यांतल्या बऱ्याच पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. अडकणे म्हणजे रुजणे नव्हे. मायामीतील एथर चाचणीत कारण न कळणाऱ्या फुप्फुस-तंतुमयतेच्या नऊ रुग्णांना एकदाच या पेशी दिल्या. त्यांमुळे गंभीर अपाय झाला नाही, पण लाभ मोजण्याइतकी ती मोठी नव्हती. पॅरिसमध्ये डॉमिनिक फार्ज यांच्या गटाने स्क्लेरोडर्माच्या २० रुग्णांना दात्याच्या मज्जेतील पेशी देऊन २०२२ मध्ये सुरक्षिततेचे आणि प्राथमिक आशेचे निष्कर्ष मांडले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने प्रथमच अशा पेशींच्या औषधाला मंजुरी दिली, ती प्रत्यारोपणानंतर मुलांत होणाऱ्या एका प्रतिक्रियेसाठी. फुप्फुसासाठी नाही.

भारतात फुप्फुसाच्या या विकारांचे निदानच उशिरा होते. एक्स-रेवर डाग दिसले की क्षयाची औषधे सुरू करण्याची सवय जुनी आहे, आणि त्यात मोलाचे महिने जातात. देशातील २७ केंद्रांनी मिळून केलेल्या अशा फुप्फुसविकारांच्या नोंदणीत १,०८४ रुग्णांपैकी १३.९ टक्के ऑटोइम्यून संयोजी ऊतक रोगांचे निघाले. प्रत्यारोपणाचे कौशल्य आपल्याकडे नवे नाही; देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये झाले. मात्र प्रतिकारशक्ती पुसण्याआधी दबून बसलेला क्षय शोधणे इथे फार महत्त्वाचे ठरते.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तजनक मूलपेशींच्या मान्य उपयोगांपलीकडचा कोणताही मूलपेशी उपचार संशोधन मानला जातो. तो नोंदणीकृत चाचणीतच व्हावा आणि सहभागी रुग्णाकडून त्याचे पैसे घेऊ नयेत. म्हणून फुप्फुसासाठी मेसेन्कायमल पेशींचे ‘पॅकेज’ कोणी विकत असेल, तर भारताच्या चाचणी-नोंदवहीतला, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक मागावा. तो नसेल तर निघून यावे.

जर्मनीतील एर्लांगेन इथे गेओर्ग शेट यांच्या गटाने २०२१ पासून आणखी एक वाट चोखाळली आहे. रुग्णाच्या टी-पेशी बदलून त्यांना बी-पेशींवर सोडायचे, हा कार-टी उपचार. तो मूलपेशींचा नव्हे. पण यंत्रणा पुसून पुन्हा मांडण्याची कल्पना तीच आहे, नेम मात्र अधिक अचूक. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचे निकाल मांडले. त्यांत चार स्क्लेरोडर्माचे होते आणि सर्वांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवता आली. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, ती बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी.