रेट लक्षणसमूह

रेट लक्षणसमूह : मुख्यत्वे मुलींमध्ये आढळणारा तंत्रिका तंत्राचा (मज्जासंस्थेचा) एक विकार. सु. १०,००० ते १५,००० मुलींमध्ये एकीला तो होतो. बालिकेची वाढ पहिले ६ ते १८ महिने जवळजवळ सर्वसामान्य असते. त्यानंतर शिकलेले शब्द व हाताने वस्तू धरण्याचे कसब ती हळूहळू गमावते. हात सतत पिळणे वा चोळणे, डळमळती चाल, अनियमित श्वसन आणि आकडी ही नंतरची लक्षणे होत.

व्हिएन्ना येथील बालरोगतज्ञ आंड्रेआस रेट (१९२४–९७) यांना १९५४ साली आपल्या प्रतीक्षालयात आयांच्या मांडीवर बसलेल्या दोन मुली अगदी सारख्या रीतीने हात पिळताना दिसल्या. त्यांनी असे आणखी रुग्ण शोधले व १९६६ मध्ये विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. ते जर्मन भाषेत असल्याने इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यकीय जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. स्वीडनमधील बेंग्ट हागबेर्ग यांनाही स्वतंत्रपणे असेच रुग्ण आढळले होते. फ्रान्स व पोर्तुगाल येथील सहकाऱ्यांसह त्यांनी १९८३ मध्ये ३५ मुलींची माहिती इंग्रजीत प्रसिद्ध केली आणि विकाराला रेट यांचे नाव दिले. मधल्या सतरा वर्षांत किती मुलींचे निदान चुकले असेल, याची मोजदाद होणे नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टन येथे तंत्रिकाविज्ञानाचे प्रशिक्षण घेत असलेल्या हुडा झोग्बी (जन्म १९५४) यांनी असा पहिला रुग्ण पाहिला. झोग्बी मूळच्या बैरूतच्या. लेबाननमधील यादवी युद्धामुळे त्यांचे वैद्यकीय शिक्षण अमेरिकेत पूर्ण झाले. कुटुंबात सहसा एकच मुलगी आजारी पडत असल्याने विकारामागे जनुकीय कारण नसावे, असे अनेकांना वाटे. झोग्बी यांना ते मान्य नव्हते. अखेर १९९९ मध्ये त्यांच्या गटातील रूथी आमिर व इतरांनी एक्स गुणसूत्रावरील एमईसीपी२ या जनुकात उत्परिवर्तने दाखवून दिली. ती बहुधा नव्याने उद्‌भवतात, म्हणूनच विकार वंशपरंपरेने क्वचित दिसतो. स्त्रीच्या प्रत्येक कोशिकेत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय असते. त्यामुळे तिच्या काही कोशिकांत निर्दोष, तर काहींत सदोष जनुक कार्य करते. एकच एक्स गुणसूत्र असलेल्या मुलग्यांत परिणाम सामान्यतः अधिक तीव्र असतो.

या जनुकाचे प्रथिन मात्र आधीच माहीत होते. एड्रियन बर्ड (जन्म १९४७) यांच्या गटाने ते १९९२ मध्ये शोधले होते, तेही कोणत्याही रोगाचा विचार मनात नसताना. डीएनएतील सायटोसीन या घटकाला मिथिल गट जोडला गेला, तर जनुकाचा मजकूर बदलत नाही. त्याचे वाचन बदलते. अशा खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. एमईसीपी२ प्रथिन या खुणांना चिकटते व तंत्रिका कोशिकांत ते विपुल असते. खूण शाबूत, पण ती ओळखणारा घटक सदोष, अशी ही अवस्था होय.

एडिंबरो येथे बर्ड, जॅकी गाय व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेला प्रयोग सर्वांत महत्त्वाचा ठरला. उंदरांमधील हे जनुक त्यांनी आधी रोखून धरले आणि लक्षणे दिसू लागल्यावर औषधाच्या साहाय्याने पुन्हा कार्यान्वित केले. जनुक एकदम सुरू केल्यास काही उंदीर दगावले. क्रमाक्रमाने सुरू केल्यास मात्र प्रौढ उंदरांतील लक्षणेही ओसरली. तंत्रिका कोशिका नष्ट झालेल्या नसतात, हे यावरून सिद्ध झाले. प्रथिन अधिक झाले तरीही अपाय होतो : जनुकाच्या द्विगुणनामुळे मुलग्यांना मतिमंदत्व येते व वारंवार संसर्ग होतात.

मेंदूतील प्रतिरक्षा कोशिका (सूक्ष्मश्लेष कोशिका) हाही वादाचा विषय झाला. अस्थिमज्जेच्या प्रतिरोपणाने रोगी उंदीर सुधारतात, असे २०१२ मध्ये जाहीर झाले व पालकांच्या आशा उंचावल्या. अनेक प्रयोगशाळांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा लाभ आढळला नाही. तो निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. असे नकारात्मक निष्कर्ष सहसा छापले जात नाहीत. येथे ते छापले गेले, हे रुग्णांच्या हिताचेच झाले.

बर्ड व झोग्बी यांना २०१६ चे शॉ पारितोषिक व २०२० चे ब्रेन पारितोषिक मिळाले. ट्रोफिनेटाइड या पहिल्या औषधाला अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते काही लक्षणे सौम्य करते; जनुकातील दोष दूर करीत नाही. निर्दोष जनुक विषाणूच्या द्वारे मेंदूत पोहोचविण्याच्या मानवी चाचण्याही २०२३ मध्ये सुरू झाल्या. प्रत्येक कोशिकेत त्याची मात्रा बेताची कशी राखावी, ही त्यांतील मुख्य अडचण आहे.