डोंगरवाऱ्यावरील उड्डाण (मावळ)

डोंगरवाऱ्यावरील उड्डाण : डोंगराच्या उतारावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या आधाराने, इंजिनाशिवाय हवेत राहण्याचा प्रकार. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, मुख्यतः कामशेत परिसरात आणि पवना खोऱ्यात, पॅराग्लायडर वापरून असे उड्डाण केले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. उड्डाणाचे मूळ नियम आणि विमानविद्येचा आरंभीचा इतिहास समजून घ्यायला हा मुलूख विमानतळापेक्षा सोयीचा आहे. माणूस उडायला शिकला तो उतारावरच. इंजिन त्यात सगळ्यात शेवटी आले.

स्थान : कामशेत हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील आणि लोणावळा-पुणे लोहमार्गावरील गाव. तेथून पवनानगरमार्गे (काळे कॉलनी) तिकोणा पेठेला जाता येते. पेठेच्या माथ्यावरचा तिकोणा किंवा वितंडगड सु. 1,060 मी. उंच आहे. पवना जलाशयापलीकडे तुंग, उत्तरेला लोहगड आणि विसापूर. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सु. 600 मी. उंचीवर असल्याने या मुलखातले डोंगर नकाशावर दिसतात तेवढे उंच प्रत्यक्ष उडणाऱ्याला मिळत नाहीत. शिकाऊ उड्डाणांच्या टेकड्या तर त्याहून बऱ्याच ठेंगण्या आहेत.

गडाच्या माथ्यावरून उडी घेता येत असेल, असे पाहणाऱ्याला वाटते. तसे करत नाहीत. पॅराग्लायडरला पळायला मोकळा, सौम्य, वाऱ्याला तोंड असलेला उतार लागतो. उभ्या कातळकड्याच्या काठाशी वारा एकदम उसळतो आणि काठामागे उलट फिरणारे भोवरे तयार होतात. तिथे पंख पसरणेच धोक्याचे. त्यामुळे मावळातली उड्डाणे गडांवरून होत नाहीत, गवताळ टेकड्यांवरून होतात. त्यांतली ‘टॉवर हिल’ आणि ‘शेलार’ ही नावे उडणाऱ्यांच्या तोंडी नेहमी असतात.

मूळ तत्त्वे : हवेतून पुढे सरकणाऱ्या वस्तूवर वजन, उत्थापन (वैमानिकांच्या भाषेत लिफ्ट) आणि रोध (ड्रॅग) ही बले काम करतात, इंजिन असेल तर चौथे बल म्हणजे रेटा. पॅराग्लायडरला रेटा नसतो. त्याची जागा वजन घेते: पंख किंचित खालच्या दिशेने घसरत राहतो आणि त्या घसरणीतून पुढचा वेग मिळतो. ग्लायडर हवेच्या संदर्भात सतत खालीच येत असतो, हे एकदा ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे होते.

उत्थापन येते कुठून? पंखाच्या वरच्या वक्र भागावरून जाणारी हवा लांबचा रस्ता कापते, म्हणून ती वेगाने धावून खालच्या हवेला मागच्या टोकाशी गाठते, असे स्पष्टीकरण शाळेच्या पुस्तकांत अजूनही आढळते. ते चूक आहे. वरची आणि खालची हवा एकाच वेळी मागच्या टोकाशी पोहोचावी असा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधीच निघून गेलेली असते. खरी गोष्ट अशी की येणाऱ्या हवेशी थोडा कोन करून धरलेला पंख हवेचा प्रवाह खाली वळवतो आणि हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. वरच्या पृष्ठभागावर दाब कमी आणि खालच्यावर जास्त असतो, हेही खरे. एकाच घटनेची ही दोन वर्णने आहेत. त्यांत भांडण लावण्याचे कारण नाही.

हा कोन वाढवला की उत्थापन वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की वरच्या पृष्ठभागावरून हवा सुटते, उत्थापन कोसळते आणि रोध वाढतो. यालाच स्टॉल म्हणतात. हवा अशी का सुटते, याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ लुडविख प्रांटल यांनी 1904 मध्ये मांडलेल्या सीमास्तराच्या कल्पनेतून झाला: पृष्ठभागाला खेटून असलेला हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो, आणि वाढत्या दाबाशी झगडता न आल्याने पंखापासून अलग होतो. पॅराग्लायडरवर दोन्ही ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या, खाली खेचून धरले, तर हेच घडते. प्रशिक्षक नवशिक्याला ‘हात वर’ म्हणून ओरडताना दिसतात, त्यामागे हे कारण असते.

उत्थापन हवेच्या घनतेच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मावळात या सूत्राला व्यावहारिक अर्थ आहे. 600 मी. उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सु. 6 टक्के विरळ असते. उन्हाळ्यात दुपारी तापमान 35 अंश सेल्सिअसवर गेले की ही तूट 13 टक्क्यांच्या घरात जाते. तेच वजन पेलायला पंखाला सु. 7 टक्के अधिक वेग लागतो, म्हणजे टेक-ऑफला जास्त पळावे लागते आणि उतरतानाही पाय जमिनीला जास्त वेगाने लागतात.

पॅराग्लायडर हा कापडी पंख. त्यात कोणताही सांगाडा नसतो. पुढच्या कडेला असलेल्या तोंडांतून हवा आतल्या कप्प्यांत शिरते आणि तिच्या दाबाने पंखाला आकार येतो. पंख पुढे सरकत राहतो तोवरच तो पंख असतो. एका माणसाच्या पंखाचे क्षेत्रफळ साधारण 22 ते 30 चौ.मी. आणि नेहमीचा वेग ताशी 35 ते 38 किमी. शिकाऊ पंख स्थिर हवेत 1 मी. खाली येताना सु. 8 मी. पुढे जातो. म्हणजे 100 मी. उंचीच्या टेकडीवरून निघालेला माणूस जेमतेम 800 मी. जाईल आणि दीड मिनिटाच्या आत जमिनीवर येईल. तरीही मावळात उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक तासभर वर राहतात, ते वाऱ्याच्या बळावर.

मावळचा वारा : ताशी 20 किमी. वेगाचा वारा 30 अंशांच्या उतारावर चढतो तेव्हा त्याचा वर जाणारा वेग सेकंदाला 2 मी.हून अधिक होऊ शकतो. पंखाची घसरण सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. वाऱ्याचा चढ घसरणीपेक्षा जास्त, म्हणून माणूस वर जातो. तो हवेतून खालीच येत असतो. ती हवाच त्याहून वेगाने वर चाललेली असते. डोंगराच्या लांबीला समांतर, वाऱ्याच्या बाजूला, आठाच्या आकड्यात फेऱ्या मारत राहायचे आणि प्रत्येक वळण डोंगरापासून दूर, वाऱ्याकडे तोंड करून घ्यायचे, एवढाच नियम. डोंगरामागे गेले की खाली रेटणारी खवळलेली हवा मिळते. तिला रोटर म्हणतात.

उन्हाळ्यात कोकणपट्टीवरून येणारा समुद्रवारा दुपारनंतर घाट चढून मावळात पोहोचतो आणि पश्चिमेकडे तोंड असलेले उतार कामाला येतात. हिवाळ्यात सकाळी वारा पुष्कळदा पूर्वेकडचा असतो, तेव्हा टेकडी बदलावी लागते. कामशेत परिसराचे महत्त्व कोणत्याही एका टेकडीत नाही. वेगवेगळ्या दिशांना तोंडे असलेल्या टेकड्या थोड्या अंतरात मिळतात, हे खरे कारण. मार्च ते मे या काळात तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ (थर्मल) उठतात. घारी कुठे घिरट्या घालत आहेत हे पाहून अनुभवी लोक ते हेरतात. पवना जलाशयाचे पाणी जमिनीपेक्षा उशिरा तापते, त्यामुळे दिवसा त्यावर थर्मल सहसा मिळत नाहीत. हार्नेससकट (उडणारा ज्यात बसतो ते पट्ट्यांचे आसन) पाण्यात उतरणे तर जिवावर बेतू शकते.

वाऱ्याच्या वेगाला वरची मर्यादा आहे आणि ती धाडसावर अवलंबून नाही. पंखाचा वेग ताशी 36 किमी. असेल आणि समोरचा वारा 36 किमी. असेल, तर माणूस जमिनीच्या संदर्भात जागीच उभा राहतो. वारा आणखी वाढला की तो मागे, म्हणजे रोटरकडे, ढकलला जातो. म्हणून वारा ताशी 25 किमी.च्या पुढे गेला की नवशिक्यांचे पंख पिशवीतच राहतात.

इतिहास : वजन, उत्थापन, रोध आणि रेटा या बलांचा वेगवेगळा विचार प्रथम इंग्लंडच्या सर जॉर्ज केली यांनी 1799 च्या सुमारास केला. त्याला कृतीत आणले ते जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल यांनी. करकोच्यांचे उड्डाण अभ्यासून त्यांनी 1889 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला आणि 1891 ते 1896 या काळात सु. 2,000 उड्डाणे केली. योग्य टेकडी सापडेना म्हणून बर्लिनजवळ त्यांनी 15 मी. उंचीची शंकूच्या आकाराची टेकडी रचून घेतली. वारा कोणत्याही दिशेने आला तरी उडता यावे, हा हेतू. त्यांचे दिशा-नियंत्रण शरीर इकडेतिकडे झुलवून होत असे. मावळातला पॅराग्लायडरचा वैमानिक हार्नेसमध्ये एका कुशीवर कलून वळण घेतो, ते तंत्र लिलिएंथालांच्या घराण्याचेच आहे. 9 ऑगस्ट 1896 रोजी त्यांचा ग्लायडर स्टॉल होऊन कोसळला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या अमेरिकन बंधूंनी 1900 ते 1902 अशी तीन वर्षे किटी हॉकच्या वाळूच्या टेकड्यांवर बिनइंजिनी ग्लायडरच उडवले. अपेक्षेएवढे उत्थापन मिळेना, तेव्हा 1901 च्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःचा वातबोगदा बांधून पंखांचे आकार तपासले. हवेच्या दाबाचा, शतकाहून जुना असा जो गुणांक सगळे वापरत होते, तोच फुगवलेला निघाला. पंख पिळून कूस बदलण्याची युक्ती आणि शेपटीचे सुकाणू यांची सांगड 1902 च्या ग्लायडरमध्ये बसली. मग 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिन बसवलेल्या यंत्राने 12 सेकंदांत सु. 37 मी. अंतर कापले. जगाला ती तारीख लक्षात राहिली. खरा प्रश्न त्याच्या आदल्या वर्षीच सुटला होता.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघतेच. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, 1895 मध्ये, त्यांनी गिरगाव चौपाटीवर मनुष्यविरहित विमान उडवले अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन पुराव्याचा आधार नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा हवाला दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये केली. तो ग्रंथ प्राचीन नसून 1904 नंतरचा आहे आणि त्यातील यंत्रे उडूच शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. तरीही जानेवारी 2015 मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावर प्राचीन विमानांचा विषय पुन्हा आला. वादात न शिरताही एक गोष्ट सांगता येते: माणसाविना यंत्र हवेत नेणे हा त्या काळचा अवघड प्रश्न उरलाच नव्हता. अमेरिकन शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेवरचे मनुष्यविरहित यंत्र मे 1896 मध्ये जवळजवळ एक किलोमीटर गेले. पण त्यांचेच माणूस बसवलेले यंत्र 1903 मध्ये दोनदा नदीत पडले. अडले होते ते नियंत्रणापाशी.

आख्यायिकेची गरज पडू नये इतका भरीव इतिहास मराठी माणसांच्या नावावर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे (1908–1991) यांनी ग्योटिंगेन येथे याच प्रांटल यांच्या हाताखाली 1936 मध्ये डॉक्टरेट मिळवली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली, आणि तिच्यासाठी घाटगे यांनी आखलेला जी-1 हा दहा आसनी ग्लायडर 1941 मध्ये उडाला. भारतात आखलेल्या विमानांची सुरुवातही अशी बिनइंजिनी यंत्रापासून झाली. पुढे घाटगे यांच्याच आराखड्याचे एचटी-2 हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट 1951 मध्ये आकाशात गेले आणि वायुसेनेच्या वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. मराठी पाठ्यपुस्तकांत तळपदेंना जागा मिळावी म्हणून जेवढा आग्रह धरला जातो, त्याचा चौथा हिस्सा तरी घाटगेंसाठी धरायला हवा.

पॅराग्लायडरची वंशावळ हवाई छत्रीकडे जाते. डोमिना जॅल्बर्ट यांनी 1964 मध्ये हवेने फुगणाऱ्या कप्प्यांची छत्री बनवली. डेव्हिड बॅरिश यांनी 1965 मध्ये आपली कापडी छत्री घेऊन उतारावरून पळत उड्डाण केले. फ्रान्समधील मियुसी येथे 1978 मध्ये काही छत्रीधारकांनी विमानाचे भाडे वाचवण्यासाठी डोंगरावरून पळत झेप घेतली आणि त्यातून या खेळाला चालना मिळाली. पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र आहे. तेथे कडक पंखांचे ग्लायडर विंचच्या दोराने ओढून उडवतात. मावळात ना विंच लागतो ना धावपट्टी. पाठीवरची पिशवी घेऊन टेकडी चढायची.

सद्यःस्थिती : मावळात दोन प्रकारचे लोक येतात. एक, प्रशिक्षकासोबत एकाच पंखाला अडकून काही मिनिटांची टँडम फेरी मारणारे. दुसरे, काही दिवसांचा अभ्यासक्रम करून एकट्याने उडायला शिकणारे. शिकणाऱ्याचा सुरुवातीचा वेळ पंख जमिनीवर उभा धरून ठेवण्यात जातो. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. ते कंटाळवाणे वाटते, पण पुढची सुरक्षितता त्यावरच ठरते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून हवाई खेळ चालवणाऱ्यांना नोंदणीची अट घातली आहे. टँडम फेरीपूर्वी ग्राहकाने तीन गोष्टी विचाराव्यात: संस्थेची नोंदणी, वैमानिकाचा टँडमचा परवाना आणि हार्नेसमधील राखीव छत्री. यांपैकी एकीचेही उत्तर टाळले गेले, तर टेकडीवरून पायी उतरावे.

वळवाच्या पावसाचे ढग दिसू लागले की अनुभवी लोक लगेच खाली येतात, कारण अशा ढगाखालची हवा पंखाला वैमानिकाच्या इच्छेविरुद्ध वर ओढू शकते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत मावळातील उड्डाणे बंद असतात. हंगाम साधारणपणे ऑक्टोबरमध्ये सुरू होतो.