ताम्रपट आणि अॅल्युमिनियम

बोरिवलीजवळील कान्हेरीच्या लेण्यांत १८३९ सालीं डॉ. जेम्स बर्ड यांना एका स्तूपाच्या पोटांत ताम्रपट सांपडला. सिंधुदेशाच्या बुद्धरुचीनें चैत्य उभारल्याची ती नोंद. तीवर त्रैकूटकांचें २४५ वें वर्ष, म्हणजे इ. स. ४९४-९५, कोरलेलें. साडेतेराशें वर्षांनींही तीं अक्षरें वाचतां आलीं.

आमच्या घरांत आजीचें नांव घातलेलें पितळेचें पातेलें हाही एक लहानसा ताम्रपटच. पुढें १८८६ त हॉल व एरू यांनीं विजेनें अॅल्युमिनियम काढण्याची कृति शोधली, आणि यथाकाल हा हलका, स्वस्त धातु आमच्या उपनगरांतील स्वयंपाकघरांत शिरला.

नांव घालणाऱ्यापुढें मात्र पेंच पडला. तांब्याला खाणारें नायट्रिक आम्ल या धातूवर जवळजवळ निष्प्रभ; उलट क्षारापुढें तो झिजतो. पितळ उजळणारी राखच येथें अक्षरांची वैरीण! कोरावें तर मऊ धातु हत्याराला चिकटतो. रॉकेल लावावें लागतें. १९२३ सालीं इंग्लंडांत विजेनें त्याचें संरक्षक पटल जाड करण्याची रीत निघाली. पुढें त्या पटलाच्या रंध्रांत रंग भरून अक्षरें उमटवतां येऊं लागलीं. यंत्रावरील नामपट्टीला ती रीत उत्तम. रोज घासावयाच्या भांड्याला मात्र खोल घावच हवा.

बुद्धरुचीचें नांव टिकलें, कारण तें स्तूपांत निजलें होतें. आजीचें नांव रोज हातांतून जातें. म्हणून रीत निवडतांना धातूइतकाच त्या हातांचाही विचार करावा, असें आम्हांस वाटतें.