हंगाम पोहण्याचा

परवा भाच्याचा फोन. "मामा, स्पर्धा दहा दिवसांवर आली आणि सर म्हणतात, आता कमी पोहा! असं कुठं असतं का?"

मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. का, ते शेवटी सांगतो.

आमच्या सोलापुरात पोहण्याचा हंगाम म्हणजे उन्हाळा. पारा चाळिशीपार गेला की वडिलांच्या पिढीची पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या टाकायची. हंगाम पाणी ठरवायचं, माणूस नाही. १९७२ चा पाऊस दगा देऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसले. पोहायचं कुठं?

त्याच १९७२ सालच्या ऑगस्टमध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला, मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण जिंकलं. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचा हा बॉक्सर सैनिक १९६५ च्या युद्धात जायबंदी झाला होता. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून! महिनाभरातच म्युनिकला मार्क स्पिट्झने ७ सुवर्णपदकं मिळवली.

स्पिट्झचे कॉलेजातले कोच जेम्स काउन्सिलमन. अख्ख्या हंगामाचा आराखडा आखणाऱ्यांतले ते एक. आधी लांब अंतर, मग वेग, आणि शेवटी विश्रांती. या विश्रांतीचं शास्त्र सिडनीत फ्रँक कॉटन आणि त्यांचा विद्यार्थी फोर्ब्स कार्लाइल यांनी त्याच्या बरंच आधी मांडलं होतं. स्पर्धा जवळ आली की सराव उतरवत न्यायचा, म्हणजे साचलेला थकवा जातो आणि कमावलेली ताकद उरते.

हे मला कॉलेजात ठाऊक नव्हतं. आमच्या संघाचं वेळापत्रक मी केलं होतं. त्या वर्षी पाणीटंचाईमुळे तलाव उशिरा उघडला. बुडालेले दिवस मी शेवटच्या आठवड्यात कोंबले, सकाळ-संध्याकाळ. स्पर्धेत आमचा सगळ्यात चांगला पोरगा स्वतःच्या सरावातल्या वेळेपेक्षाही मागे पडला. मला एका शब्दानं बोलला नाही. पण पुन्हा पाण्यात उतरला नाही.

खरं तर हे आमच्या ऊसवाल्या काकांना विचारलं असतं तरी कळलं असतं. तोडणीच्या तोंडावर ते उसाचं पाणी बंद करतात. वर्षभर पाजलेलं तेव्हा कुठं साखरेत उतरतं.

भाच्याला म्हटलं, "सरांचं ऐक बाबा. कमी पोह आणि झोप काढ."

त्या मित्राला मात्र अजून फोन केलेला नाही. असो.