बोगालुसाच्या मुलामुलींचा रक्तदाब

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपीच्या सीमेलगत, बोगालुसा नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका लाकूड कंपनीने पाइनच्या जंगलात ते वसवलं. जंगल संपत आलं, लाकडाची गिरणी बंद पडली आणि गाव कागदाच्या कारखान्यावर जगू लागलं. याच गावात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ जेराल्ड बेरेन्सन १९७३ मध्ये इथल्या शाळकरी मुलांकडे एक प्रश्न घेऊन आले. हृदयविकाराची सुरुवात नेमकी कितव्या वर्षी होते?

या प्रश्नामागे वीस वर्षांपूर्वीची एक नोंद होती. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय जेमतेम २२ होतं. तरीही दर चौघांपैकी तिघांच्या हृदयाच्या धमन्यांमध्ये विकाराच्या खुणा सापडल्या.

ही सुरुवात मुलांमध्ये शोधायची, तर त्यांचा रक्तदाबही मोजायला हवा होता. रक्तदाब मोजण्याचं पट्ट्याचं यंत्र इटलीच्या रीवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केलं. धमनीतले आवाज ऐकून वरचा आणि खालचा आकडा ठरवण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. पण कित्येक दशकं हे सारं मोठ्यांसाठीच होतं. लहान मुलाच्या दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जाड दंडाला तोकडा पट्टा बांधला तर जास्त. बोगालुसात म्हणून फार काटेकोरपणे काम झालं. दोन प्रशिक्षित निरीक्षक एकाच मुलाचा रक्तदाब प्रत्येकी तीनदा घेत आणि सहा आकड्यांची सरासरी काढत.

अशा मोजणीतून मुलगा आणि मुलगी यांच्या वाटा वेगळ्या दिसू लागल्या. लहान वयात दोघांच्या रक्तदाबात फारसा फरक नसतो. वयात येताना मुलग्यांचा वरचा आकडा चढत जातो, मुलींचा त्यामानाने लवकर स्थिरावतो. या फरकात संप्रेरकांचा वाटा असतो. वजन जास्त असलं की मात्र दोघांचाही रक्तदाब वाढतो. जादा वजनाच्या मुलींना पाळीही लवकर येते, असं बोगालुसाच्याच नोंदींत दिसलं.

१९७३ ते १९९४ या काळात इथे सात पाहण्या झाल्या. त्यांतल्या ५ ते १७ वर्षांच्या ९,१६७ मुलामुलींच्या नोंदींचं विश्लेषण १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. जादा वजनाच्या ८१३ जणांपैकी ५८ टक्क्यांमध्ये रक्तदाब, कोलेस्टेरॉल, इन्सुलिन यांसारखा किमान एक धोका आढळला. त्याआधी, १९९८ मध्ये, बेरेन्सन यांनी अपघातासारख्या कारणांनी अकाली गेलेल्या ९३ जणांचा अभ्यास मांडला होता. हयातीत ज्यांच्यात असे धोके जास्त होते, त्यांच्या धमन्यांत चरबीचे थरही जास्त होते.

डॉक्टरांची कोष्टकंही बदलत गेली. १९९६ मध्ये अमेरिकेत लिंग आणि वयाच्या जोडीला उंचीही धरली जाऊ लागली. २०१७ मध्ये जादा वजनाची मुलं कोष्टकातून वगळली गेली, कारण त्यांच्यामुळे ‘सामान्य’ रक्तदाबाची रेषाच वर सरकत होती.

‘जादा वजन’ म्हणजे काय, हा प्रश्न पुण्यातल्या एका अभ्यासाने अवघड केला. १९९३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याच्या बाळांचे स्नायू बारीक होते. खवाट्याखालच्या त्वचेतली चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. काट्यावर हलकं भरलेलं बाळ अंगाने चरबीचं असू शकतं, हे २००३ मध्ये जगासमोर आलं.

बेरेन्सन २०१८ मध्ये वारले. त्यांनी पहिल्यांदा तपासलेली शाळकरी मुलं आता साठीच्या आसपास आहेत. या मुलांचा अभ्यास अजूनही चालू आहे आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्यांच्या रक्तदाबाचे आकडे अभ्यासकांच्या हाताशी आहेत.