बंदुकीची खूण आणि महार शिपाई

हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणी म्हटली की बंदुका आल्या. ब्रिटिश लष्कराच्या बंदुकीवर बाणाची सरकारी खूण असे. बंदूक विकताना त्या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा बाण ठोकत. सरकारची मालकी संपली, घेणारा चोर ठरू नये, हे त्यामागचे कारण. म्हणजे टाकाऊ लोखंडालाही दाखला मिळे!

महार शिपायाला काय मिळाले? १८९२-९३ च्या सुमारास त्याची भरतीच बंद केली गेली. कोरेगावच्या स्तंभावर त्याच्या पूर्वजांची नावे कोरलेली असतानाही १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांना भरतीसाठी सरकारकडे अर्ज करावा लागला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. छावण्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बंदुकांबरोबर या माणसांचाही हिशेब मांडला पाहिजे.